उंबरा, पाणंद आणि शाळेची पायरी

अपंगत्व असलेल्या मुलाचा दिवस कसा जाईल, हे त्याच्या हातापायांत, डोळ्यांत किंवा बुद्धीत काय उणे आहे एवढ्यावरच ठरत नाही. ते मूल कुठल्या घरात राहते, दारापासून रस्ता किती लांब आहे, शाळेला पायऱ्या किती आहेत आणि आजूबाजूची माणसे त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, यावरही ते तितकेच ठरते. न्हाणीत जाऊन तोंड धुणे, सगळ्यांच्या पंगतीला बसून जेवणे, शाळेत जाणे, मधल्या सुट्टीत खेळणे, दुकानातून साखर आणणे, यात्रेत पाळण्यात बसणे अशा रोजच्या नि सणावाराच्या गोष्टींत मूल प्रत्यक्ष सामील होते की कडेला बसून बघत राहते, याला पुनर्वसनाच्या शास्त्रात ‘सहभाग’ म्हणतात. मूल चालू शकते का, हा एक प्रश्न. ते चालत कुठे जाते, हा दुसरा. दवाखान्यात बहुधा पहिलाच विचारला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये कार्यक्षमता, अपंगत्व आणि आरोग्य यांचे एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण स्वीकारले. ते ‘आयसीएफ’ या नावाने ओळखले जाते आणि मुलांसाठी त्याची वेगळी आवृत्ती २००७ मध्ये निघाली. अपंगत्व शरीर आणि परिसर यांच्या गाठभेटीतून घडते, ही त्यामागची भूमिका. परिसराचे त्यात पाच गट आहेत. पहिल्यात कुबडी, चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची अशा वस्तू येतात. दुसऱ्यात जमीन, पाऊस, उजेड, आवाज आणि माणसाने त्यांत केलेले बदल. तिसऱ्यात आई-आजीपासून शिक्षक-मित्रांपर्यंतचा आधार, चौथ्यात लोकांची दृष्टी आणि पाचव्यात सेवा, यंत्रणा व कायदे. यांतला कोणताही घटक आधार ठरू शकतो किंवा अडथळा. नातवाला घास भरवणारी आजी त्याचा मोठा आधार असते. पण आठव्या वर्षीही ती त्याला चमचा धरू देत नसेल, तर तीच माया त्याच्या आड येते.

परिसराचा वाटा खरोखर एवढा मोठा असतो का, याचे एक चांगले उत्तर युरोपातून मिळाले. सात देशांच्या नऊ भागांतल्या, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असण्याची अवस्था) असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या ८१८ मुलांची पाहणी झाली आणि तिचे सहभागाविषयीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. चालणे, हातांचे काम, बोलणे आणि बुद्धी यांतली अडचण जितकी जास्त, तितका सहभाग कमी, हे अपेक्षितच होते. दुखण्यानेही सहभाग घटत होता. मात्र अडचण सारखीच असलेली मुले वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या प्रमाणात सहभागी होत होती आणि डेन्मार्कमधली मुले बहुतेक बाबतींत पुढे होती. दोन मुलांच्या शरीरात फरक नसताना त्यांच्या दिवसांत फरक पडतो, तेव्हा त्याचे कारण शरीराबाहेर शोधावे लागते.

सातारा आणि सांगली हे शेजारचे दोन जिल्हे हा शोध घेण्यासाठी फार बोलके आहेत, कारण येथे चाळीस-पन्नास कोसांत परिसर पार बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर माण आणि जतला तो पाचशेच्या आसपास. पश्चिमेला पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळा या तालुक्यांत डोंगरउतारावरच्या वाड्या. मधे कृष्णाकाठची काळी जमीन आणि ऊस, कराड, वाळवा, पलूस, मिरज. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जतचा दुष्काळी माळ, जिथे माणसे गावठाणात कमी आणि रानातल्या वस्त्यांवर जास्त. २०११ च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख आणि सांगलीची २८ लाख होती. साताऱ्यात शंभरातली ८१ आणि सांगलीत ७४ माणसे ग्रामीण भागात होती. शहरातल्या सपाट फरशीचा हिशेब मनात धरून दिलेला सल्ला यांतल्या बहुतेक घरांत चालत नाही.

घरापासून सुरुवात करायची तर पहिला अडथळा उंबरा. चार-सहा इंचांचा लाकडी किंवा दगडी उंबरा चालत्या माणसाच्या लक्षातही येत नाही. पण चाकाच्या खुर्चीची पुढची छोटी चाके त्यावरून जात नाहीत. वॉकर घेऊन चालणाऱ्या मुलाला तेथे कुणाचा तरी हात धरावा लागतो. जुन्या घरांत सोपा, माजघर, स्वयंपाकघर अशा ओळीने खोल्या आणि प्रत्येक चौकटीला एक उंबरा, म्हणजे चुलीपाशी बसलेल्या आईकडे जायचे तरी मुलाला तीन वेळा मदत मागावी लागते. माणदेशातल्या धाब्याच्या घरांत चौकटी बुटक्या आणि अरुंद. पाटणकडच्या कौलारू घरांत ओटा उंच, कारण पावसाचे पाणी आत येऊ नये. प्रत्येक रचनेमागे काहीतरी शहाणपण आहेच. ती करताना न चालणारे मूल कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हते, एवढेच.

याच घरात मदतीच्या गोष्टीही पुष्कळ आहेत आणि त्यांची नोंद फारशी होत नाही. जमिनीवर बसून जेवण्याची रीत हे त्याचे ठळक उदाहरण. टेबल-खुर्चीच्या घरात वेगळी खुर्ची लागते. इथे सगळेच खाली बसतात, त्यामुळे सरकत किंवा रांगत येणारे मूलही पंगतीत बरोबरीने बसते. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर सरकणे सोपे असते. ज्या मुलाला मांडी घालून तोल सांभाळता येत नाही, त्याला भिंतींच्या कोपऱ्यात पाठ टेकवून आणि कमरेला दोन्हीकडून उशा लावून बसवले, की दोन्ही हात मोकळे होतात. सुतार दोन फळ्या काटकोनात जोडून अशी कोपरा-खुर्ची करून देतो. आवाज न देता आत येणारी शेजारीण, भावकीतली आठ-दहा पोरे, अंगणात चाललेले शेंगा फोडण्याचे काम, यांतून मुलाला माणसांची जी संगत मिळते ती बंद फ्लॅटमधल्या मुलाला मिळत नाही. शेंगा फोडणे, लसूण सोलणे, कोंबड्यांना दाणे टाकणे ही कामे एका हाताने आणि बसूनही होतात. मुलाच्या वाट्याला असे एखादे काम रोज आले, की घरातली त्याची जागा बदलते.

शौचालय ही मात्र मोठी अडचण. उकिडवे बसण्याच्या भांड्यावर पायांत ताठरपणा असलेले मूल बसू शकत नाही. तोल जातो, भीती वाटते आणि ते शौच दाबून ठेवते. गेल्या काही वर्षांत घरोघरी शौचालये झाली, पण ती बहुतेक अंगणाच्या टोकाला आहेत, दार अडीच फुटांचे नि आत चढायला पायरी. मधे भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची भांड्यावर ठेवणे आणि भिंतीला हाताच्या उंचीवर लोखंडी नळी बसवणे हा काही शे रुपयांतला उपाय आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तर याच दोन वस्तूंवर तिचा सगळा दिवस अवलंबून असतो. पाळी सुरू झाल्यावर अनेक घरांत मुलीचे बाहेर जाणे थांबवले जाते. सांगितले जाणारे कारण सुरक्षिततेचे असते. त्याखालचे कारण पुष्कळदा एवढेच असते की शाळेत तिला कपडा बदलायला जागा नाही आणि मदतीला बाई नाही.

या भागातले सर्वांत जास्त वापरले जाणारे सहायक साधन म्हणजे आईची कडेवरची जागा. तीन वर्षांचे मूल बारा-चौदा किलोचे असते. त्याला कडेवर घेऊन आई पाणवठ्यावर, रानात, देवळात, सगळीकडे जाते. तेच मूल दहा वर्षांचे झाले की पंचवीस किलोंच्या पुढे जाते. तोपर्यंत आईची कंबर दुखू लागलेली असते आणि धाकटे भावंड आलेले असते. मग मूल हळूहळू घरी राहू लागते. त्याच्या आजारात काहीच वाढ झालेली नसते, वाढलेले असते फक्त वजन. घरच्यांना हे ‘त्याला आता बाहेर आवडत नाही’ असे वाटते आणि दवाखान्याच्या कार्डावर ‘प्रगती थांबली’ अशी नोंद होते. वास्तविक मूल पाच-सहा वर्षांचे असतानाच चाकाची खुर्ची, सपाट वाट आणि उतार यांची तयारी व्हायला हवी, म्हणजे कडेवरची जागा संपेल तेव्हा दुसरे काहीतरी हाताशी असेल. आज या दोहोंमध्ये दोन-चार वर्षांची पोकळी पडते आणि बालपणातली दोन-चार वर्षे हा फार मोठा काळ आहे.

दारातून बाहेर पडल्यावर येते ती पाणंद. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात माणसाचा पाय घोट्यापर्यंत रुततो. तिथे अरुंद टायरची, इस्पितळाच्या फरशीसाठी बनवलेली खुर्ची दहा पावलेही जात नाही. शिबिरात मिळालेली अशी खुर्ची घरात घडी करून कोनाड्याला लावलेली दिसते, ती त्यामुळेच. शिवाय ती पुष्कळदा मोठ्या माणसाच्या मापाची असते. मूल तिच्यात एका बाजूला कलंडते, पाय लोंबकळतात आणि पाठीचा बाक वाढतो. खडबडीत जमिनीसाठी रुंद चाकांची, पुढे एकच मोठे चाक असलेली तीनचाकी रचना अधिक चालते. डोंगरातल्या वाडीत तिचाही उपयोग नाही. तिथे पाठीवर घेण्याची झोळी लागते. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या गावांना तर बामणोली किंवा तापोळ्याला यायचे म्हणजे लाँच. काठाची पातळी पाण्याबरोबर वर-खाली होते. उन्हाळ्यात पाणी आटले की लाँचपर्यंत चिखलाचा उतार उतरावा लागतो.

एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. सवलत चांगली आहे, पण साध्या गाडीची पहिली पायरी जमिनीपासून इतकी उंच असते की चालता न येणाऱ्या मुलाला दोघांनी उचलूनच चढवावे लागते. म्हणजे तिकीट परवडते, गाडी परवडत नाही. बरीच कुटुंबे शेवटी वडाप जीप किंवा दुचाकी पत्करतात आणि मूल आई-वडिलांच्या मधे बांधल्यासारखे बसते.

शाळेचा विचार करताना उताराचे साधे गणित माहीत असावे. सरकारी मानकाप्रमाणे रॅम्पचा चढ १ : १२ हवा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. शाळेचा चौथरा दोन फुटांचा असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब लागतो. पुराच्या भीतीने चौथरा तीन फुटांवर नेला तर छत्तीस फूट. जागा नाही किंवा निधी संपला म्हणून हाच रॅम्प आठ-दहा फुटांत आटोपला, तर कागदावर ‘रॅम्प आहे’ अशी नोंद होते आणि प्रत्यक्षात त्यावरून मूल स्वतः वर जाऊ शकत नाही, उतरताना तर खुर्ची हातातून सुटते. कठडा नसला की चालणाऱ्या मुलालाही त्याचा उपयोग नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेची इमारत अडथळामुक्त असावी असे म्हटले आहे. त्या शब्दांचा अर्थ असा फुटांत मोजूनच लागतो.

त्याच कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे मानक आहे. माण-जतच्या वस्तीवरच्या मुलासाठी हे दोन आकडे म्हणजे दोन वेगळी जगे. वस्तीशाळेपर्यंत आजोबा सायकलवरून सोडतात. गुरुजी घरचे ओळखीचे, वर्गात दहा-पंधरा मुले, त्यामुळे लिहायला वेळ लागणारे किंवा अडखळत बोलणारे मूलही सामावले जाते. प्राथमिक वर्ग संपले की शाळा तीन किलोमीटरवर जाते, वर्ग पन्नास-साठ मुलांचा होतो, प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक येतात. या वळणावर मुले गळतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ५ ते १९ वयोगटातल्या अपंग मुलांपैकी ६१ टक्के शिक्षणसंस्थेत जात होती, २७ टक्के कधीच गेली नव्हती आणि उरलेली कधीतरी जाऊन थांबली होती. समग्र शिक्षा योजनेत प्रवासभत्ता आणि मदतनीसभत्ता आहे, दिव्यांग मुलींना विद्यावेतन आहे, गावोगाव फिरणारे विशेष शिक्षक आहेत. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने मिळाला. हा हक्क मोलाचा आहे, पण त्याचा सोपा अर्थ ‘घरीच राहू द्या’ असा लावला गेला तर तो सहभाग कमी करतो. गृहाधारित शिक्षण घेणाऱ्या मुलालाही स्नेहसंमेलन, सहल आणि पोषण आहाराची पंगत हवीच असते.

चालण्याच्या अडचणी डोळ्यांना दिसतात म्हणून त्यांच्याबद्दल जास्त बोलले जाते. ऐकण्याच्या अडचणीत परिसर वेगळ्या रीतीने काम करतो. पाटण-महाबळेश्वरकडे पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला की श्रवणयंत्र लावलेल्या मुलाला शिक्षकांच्या शब्दांपेक्षा पाऊसच मोठा ऐकू येतो, कारण यंत्र सगळेच आवाज वाढवते. मुलाला पुढे बसवणे, शिक्षकाने त्याच्याकडे तोंड करून बोलणे, फळ्यावर विषयाचे शब्द आधी लिहिणे याला पैसा लागत नाही. दमट हवेत यंत्र बिघडते, त्याचे सेल तालुक्याच्या गावातच मिळतात; सेल संपले की यंत्र डबीत जाते. कमी दिसणाऱ्या मुलाला फळ्यावर खिडकीची तिरीप पडली की काहीच वाचता येत नाही. स्वमग्न मुलाला गणपतीच्या मिरवणुकीतला डॉल्बीचा दणका अंगावर मारल्यासारखा लागतो. ते कान झाकून किंचाळते आणि लोक म्हणतात, पोरगे हट्टी आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलासाठी मात्र लहान गाव बऱ्याचदा मोठ्या शहरापेक्षा सुरक्षित असते. ते कुठेही भटकले तरी चार घरांपलीकडे कुणीतरी त्याला ओळखते आणि हात धरून घरी आणून सोडते.

तेच गाव त्याला नावेही ठेवते. पांगळा, मुका, बहिरा, खुळा या शब्दांनी मुलांना हाक मारण्याची सवय अजून गेलेली नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, सरकारी भाषेत ‘अपंग’च्या जागी ‘दिव्यांग’ आला. पारावरची भाषा कायद्याच्या चालीने बदलत नाही. काही घरांत मूल पाहुण्यांपुढे आणले जात नाही, कारण मोठ्या बहिणीचे लग्न ठरायचे असते. काही ठिकाणी आईलाच दोष दिला जातो. गरोदरपणी ग्रहण पाहिले, देवाचे राहिले, असे बोलले जाते. अशा आईला मुलाला घेऊन हळदी-कुंकवाला जाणे जड जाते आणि आई जिथे जात नाही तिथे मूलही जात नाही. याउलट वर्गातल्या दोन-तीन मुलांनी त्याला आपल्या खेळात घेतले, तर घरच्यांची दृष्टीही बदलू लागते. विटीदांडू किंवा क्रिकेटमध्ये त्याच्या वतीने दुसऱ्याने पळायचे हा नियम मुले स्वतःच काढतात. मोठ्यांनी मधे पडून ‘त्याला लागेल’ म्हटले नाही, तर खेळ चालतो.

यात्रा-जत्रा आणि वारी हा या मुलुखाचा सार्वजनिक श्वास आहे. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ, पालीचा खंडोबा, बत्तीस शिराळ्याची नागपंचमी, लोणंद-तरडगाव-फलटण या वाटेने जाणारी ज्ञानेश्वर माउलींची पालखी यांत न गेलेले मूल वर्षभर मित्रांच्या गप्पांच्याही बाहेर राहते. देवळाच्या पायऱ्या, गर्दीची रेटारेटी आणि बसायला जागा नसणे हे तेथले अडथळे. पालखीच्या मुक्कामी दुपारच्या निवांत वेळी दर्शनाची वेगळी ओळ असली, की हेच मूल वडिलांच्या खांद्यावर बसून माउली बघते.

ऋतूंप्रमाणे हा सगळा नकाशा पुन्हा हलतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावसारख्या वाड्यांवर दरडी कोसळल्या. रात्री घर सोडताना मुलाला उचलून न्यायला कोण, पायाचे कॅलिपर आणि औषधे कुणाच्या पिशवीत, निवारा छावणीत शौचालयाला जायचे कसे, हे प्रश्न त्या वेळी सुचत नाहीत, आधीच सोडवून ठेवावे लागतात. फिट येणाऱ्या मुलाची गोळी एक दिवस चुकली तरी धोका असतो. दिव्यांग हक्क कायद्याच्या आठव्या कलमानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवायची असते आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवायची असते. नदीकाठच्या प्रत्येक गावात ती यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीच्या आत किती ताजी आहे, यावर त्या कलमाची किंमत ठरते.

दुसरा ऋतू उसाचा. गाळप सुरू झाले की जत आणि माणकडची काही कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात; मराठवाड्यातल्या टोळ्याही येतात. सहा महिने पाचटाच्या कोपीत. न चालणारे मूल बरोबर आणले तर ते दिवसभर फडाच्या कडेला झोळीत असते. गावी ठेवले तर थकलेल्या आजीकडे. दोन्हीकडे शाळा तुटते, व्यायाम तुटतो. जतच्या पूर्व भागात तर घरची भाषा कन्नड, आणि व्यायामाचे कागद मराठीत.

सेवा दाटल्या आहेत त्या कराड, सांगली, मिरज आणि सातारा या शहरांत. मिरजेला १८९४ मध्ये सुरू झालेले वॉनलेस रुग्णालय, १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराडला कृष्णा विश्वविद्यापीठाचे भौतिकोपचाराचे शिक्षण. आटपाडी किंवा दहिवडीच्या वस्तीवरून तिथे यायचे म्हणजे दोघांचा पूर्ण दिवस आणि एकाची मजुरी. आठवड्यातून तीनदा या, असे सांगणे सोपे असते. तिसऱ्या आठवड्यात ते कुटुंब येत नाही आणि ‘पालक निष्काळजी’ असा शेरा पडतो. अर्ध्या तासाच्या उपचारासाठी पूर्ण दिवस गेला की मुलाची त्या दिवसाची शाळा आणि खेळही जातो. उपचार हाच सहभागातला अडथळा होऊन बसतो.

यावर वेगळा विचार करणारी एक परंपरा याच भूमीशी जोडलेली आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या आणि १९५० मध्ये त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे प्रशिक्षण सुरू केले. भारतात या शास्त्राचा पाया तिथे घातला गेला. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेची शाळा त्यांच्याच नावाने, कमला निंबकर बालभवन म्हणून ओळखली जाते. व्यवसायोपचाराची दृष्टी अशी की स्नायू किती ताकदीचा यापेक्षा माणूस आपले कपडे घालतो का, जेवतो का, काम करतो का, हे बघायचे. ते होत नसेल तर वस्तू, जागा किंवा काम करण्याची रीत बदलायची. सदऱ्याच्या गुंड्या काढून चिकटपट्टी लावणे, चमच्याच्या दांड्याला जुन्या सायकलची रबरी मूठ चढवणे ही या शास्त्रातली खरी कामे आहेत.

परिसर बदलणे हा दुय्यम उपाय असल्याची समजूत एका कॅनडियन प्रयोगाने तपासून पाहिली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सेरेब्रल पाल्सी असलेल्या सहा वर्षांखालच्या १२८ मुलांचे दोन गट केले. एका गटात नेहमीप्रमाणे मुलाच्या शरीरावर उपचार, दुसऱ्यात फक्त काम आणि परिसर यांत बदल. सहा महिन्यांनी दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. सातारा-सांगलीसाठी या निष्कर्षाचा अर्थ मोठा आहे, कारण शरीरावरच्या उपचाराला दवाखाना लागतो आणि घरातला उंबरा गावातला गवंडी काढू शकतो. अर्थात स्नायू आखडू नयेत म्हणून ताणाचे व्यायाम लागतातच, ते सोडून चालत नाही.

काय बदलायचे ते आधी मोजावे लागते. त्यासाठी पालकांना विचारण्याची प्रश्नावली तयार झालेली आहे. २०१२ च्या सुमारास पुढे आलेल्या अशा एका साधनात घरातली १०, शाळेतली ५ आणि समाजातली १० कामे घेतली आहेत. मूल त्यात किती वेळा असते, किती रमते, पालकांना यात बदल हवा का आणि परिसरातले काय मदत करते, काय आडवे येते, असे विचारले जाते. परदेशी यादीतले खेळ-शिबिर इथे काढून बेंदूर, यात्रा, रानातली चक्कर घालावी लागते. पण प्रश्न तोच राहतो. अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा विशेष शिक्षक अर्ध्या तासात हे विचारू शकतात. उत्तरे ऐकताना मुलालाही विचारावे. आईला जे कठीण वाटते आणि मुलाला जे हवे असते, ते पुष्कळदा वेगळे निघते. आई म्हणते, त्याने चालावे. मूल म्हणते, मला तळ्यावर न्या.

पैशाची वाट अगदीच बंद नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. हा निधी अनेकदा वस्तूवाटपात संपतो. त्यातूनच पाणंदीचा मुरूम, शाळेच्या रॅम्पची उरलेली लांबी, देवळाच्या पायरीचा कठडा होऊ शकतो आणि त्याचा उपयोग म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बायकांनाही होतो. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली निरामय विमा आहे, एक लाखापर्यंतचा. दहावी-बारावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. यांतल्या बहुतेक गोष्टींसाठी आधी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र लागते. त्यासाठीचा जिल्ह्याचा फेरा वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो, म्हणून तालुक्याच्या गावी भरणारे तपासणी शिबिर दूरच्या वस्त्यांसाठी सर्वांत उपयोगी ठरते.

हे सगळे एकदा करून संपत नाही, कारण मूल वाढत असते. पाचव्या वर्षी मापाची असलेली खुर्ची आठव्या वर्षी आखूड होते, शौचालयातली नळी उंचीला कमी पडते, शाळा गावातून मोठ्या गावात जाते, मैत्रिणी सायकलवर येऊ लागतात. दिव्यांग हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ या वयाचा आहे. त्या बारा वर्षांत घर, वाट आणि शाळा किमान दर दोन वर्षांनी पुन्हा मोजावी लागते, तीही मुलाला बरोबर घेऊन, त्याच्याच उंचीवरून.